खासगी आणि दौलत



साहित्यसंस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत आधार, समग्र आयडी, जनगणना असे विषय निघाले की काही श्रोत्यांना वाटते, वक्ता चुकून दुसऱ्या सभागृहात आला. ही शंका रास्त आहे. पण आजचा विषय जितका सरकारचा आहे तितकाच शब्दांचाही आहे. माझे नाव कसे लिहिले जाते, माझी भाषा कोणत्या रकान्यात पडते, माझ्याविषयी काय लिहून ठेवले आहे आणि ते कोण वाचतो, हे प्रश्न लिहिण्यावाचण्याचेच आहेत. म्हणून सुरुवात एका शब्दापासून करतो.

'खासगी' हा शब्द महाराष्ट्रातला माणूस 'व्यक्तिगत' या अर्थाने वापरतो. आपण इंदूरची मंडळी त्याचा आणखी एक अर्थ जाणतो. १७३४ मध्ये पहिल्या बाजीरावांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्याकडे एक वेगळी जहागीर लावून दिली. ती होळकरांची खासगी. राज्याचा वसूल यायचा तो दौलतीचा, आणि राजघराण्यातल्या स्त्रीच्या हाती असायची ती खासगी. दोन्हींचे हिशेब वेगळे, कारभारी वेगळे. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळे, धर्मशाळा बांधल्या, त्या याच खासगीतून, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे आपल्या गावात 'खासगी' या शब्दाचा मूळ अर्थ असा होता, की जिथे दौलतीने हात घालायचा नाही ते.

मात्र ही खासगी कोणाची होती? राजघराण्याची. रयतेला खासगी नव्हती. रयतेची होती ती खानेसुमारी. घरे मोजायची, माणसे मोजायची, गुरे मोजायची, आणि त्यावर पट्टी बसवायची. मोजणारा वर, मोजला जाणारा खाली, ही रीत पेशवाईतही होती आणि इंग्रजीतही राहिली. माझ्या समजुतीप्रमाणे राज्यघटनेने जी मोठी उलथापालथ केली, तिच्यात ही एक आहे: खासगी प्रत्येकाची झाली. पण हे घटनेत त्या शब्दांत लिहिलेले नाही. ते स्पष्ट व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. त्या वाटेवरची काही वळणे आपल्या प्रांतातून गेली आहेत, ती सांगायला हवीत.

उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाच्या एका माणसाला दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडले गेले. पण पोलिसांनी त्याचे 'हिस्ट्री शीट' उघडून ठेवले. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावणार, कुठे जातो, कोणाला भेटतो ते टिपणार. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची घरझडती रद्द केली, पण बाकीची पाळत कायम ठेवली. खासगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही, असे बहुमत पडले. न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत लिहिले, की ज्याच्यावर सतत नजर आहे त्याला मोकळे फिरता येते असे म्हणणे पोकळ आहे.

दुसरे प्रकरण आपल्या घरचे. 'गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य', १९७५. आपल्या पोलिसांच्या नियमावलीतले ८५५ आणि ८५६ हे कलम. तीच पाळत, त्याच रात्रीच्या भेटी. न्यायालयाने नियम उचलून धरले. पण ते सरसकट कोणालाही लावता येणार नाहीत, ज्याच्यापासून समाजाला खरोखर धोका आहे त्याच्यापुरतेच ते आहेत, असा बांध घातला, आणि खासगीपणाचा हक्क असू शकतो असे धरून चालून विचार केला. 'आहे' असे म्हटले नाही, 'असू शकतो' म्हटले. दार किलकिले झाले.

पुढची चाळीस वर्षे ते तसेच राहिले. मग आधारचे प्रकरण न्यायालयात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या वतीने न्यायालयात सांगितले गेले, की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. १९५४ आणि १९६२ चे निकाल पाहा. प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही जणांनी एकमताने सांगितले, की तो मूलभूत हक्क आहे. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. त्या नऊ जणांत तीन मराठी नावे होती: न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. शरद बोबडे आणि जबलपूरच्या वकिलीतून वर गेलेले न्या. अभय मनोहर सप्रे. न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या मुख्य निकालपत्राने आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकालही रद्द ठरवला, आणि त्या जुन्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. बापाचे निकालपत्र मुलाने खोडले, याची तेव्हा खूप चर्चा झाली. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या पुढे आहे.

न्यायालयाने हक्क मान्य करताना तो अमर्याद ठेवला नाही. सरकारला नागरिकाच्या खासगीत शिरायचे असेल तर तीन गोष्टी हव्यात. त्यासाठी कायदा हवा. नुसता हुकूम किंवा परिपत्रक पुरत नाही. त्या कायद्याला रास्त हेतू हवा. आणि जेवढ्यास तेवढेच हवे, म्हणजे सुईच्या कामाला कुऱ्हाड चालणार नाही. या तीन कसोट्या ध्यानात ठेवा. पुढे त्या लागणार आहेत.

आता प्रश्न असा, की नोंदी तर सरकार पूर्वीही ठेवीत होते. मग आजच एवढी काळजी का? याचे उत्तर 'रुमाल' या शब्दात आहे. जुन्या दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवीत. महसुलाचा रुमाल वेगळा, फौजदारीचा वेगळा, शाळेचा, दवाखान्याचा, शिधावाटपाचा वेगळा. प्रत्येक रुमालात आपल्याविषयी काहीतरी होतेच. पण एका रुमालाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. चार रुमाल सोडून, चार कागद शोधून, जुळवून एका माणसाचे चरित्र उभे करायचे तर कारकुनाचे आठ दिवस जायचे. म्हणून ते फार थोड्या माणसांच्या बाबतीत केले जायचे. आपली खासगी जपली जात होती ती कायद्यामुळे कमी आणि कारकुनाच्या कंटाळ्यामुळे जास्त. संगणकाने हा कंटाळा संपवला. सगळे रुमाल सोडून एका सुतळीत ओवायचे असतील तर फक्त एक गोष्ट हवी: प्रत्येक कागदावर एकच क्रमांक.

तो क्रमांक पहिल्यांदा दिला गेला तो आपल्यापासून फार दूर नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक वाटले गेले. बारा आकडे, दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळे आणि एक छायाचित्र. हेतू वाईट नव्हता. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, आणि मधल्या दलालाने धान्य खाऊ नये. टेंभलीच्या माणसाला ओळखपत्राची किंमत आपल्याहून जास्त कळते. आधारच्या मूळ कोठारात जात, धर्म, उत्पन्न हे लिहिलेले नसते, हेही सांगायला हवे. पण कोठार लहान असले तरी सुतळी लांब असते. धान्य, पेन्शन, बँक, मोबाईल, प्राप्तिकर, शिष्यवृत्ती, सगळीकडे एकच क्रमांक गेला. २०१६ मध्ये त्यासाठी कायदा झाला, तेव्हा क्रमांक देऊन जवळजवळ सहा वर्षे उलटली होती. आधी नोंद आणि मागून कायदा, हा उलटा क्रम आपल्याकडे नवा नाही.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी आधार कायदा टिकवला, पण छाटला. सरकारी अनुदानासाठी आणि प्राप्तिकराच्या पॅन कार्डासाठी आधार मागता येईल; बँकेत खाते किंवा मोबाईलचे सिम यासाठी सक्ती करता येणार नाही; मुलाच्या शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे नाही. न्या. चंद्रचूड यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले, त्यांनी तो संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांसाठी 'ऐच्छिक' वापराची वाट उघडली. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ खिडकीच्या आतल्या बाजूला एक असतो आणि बाहेरच्या बाजूला दुसरा, हे आपण सगळे जाणतो.

आपल्या मध्य प्रदेशात या सुतळीला दुसरा पदर आहे. समग्र आयडी. कुटुंबाला आठ आकडे, माणसाला नऊ आकडे. शाळेतला प्रवेश, शिष्यवृत्ती, शिधा, लाडली बहना, सगळीकडे समग्र. 'समग्र' या शब्दाकडे जरा थांबून पाहा. सगळे, संपूर्ण, अग्रासह. आपल्या पुस्तकांच्या कपाटात 'समग्र वाङ्मय' असते, तेव्हा आपल्याला आनंद होतो. पण लेखकाचे समग्र वाङ्मय त्याने लिहिलेले असते. आपले समग्र आपण लिहिलेले नाही. ते आपल्याविषयी कोणीतरी जुळवलेले आहे. आणि चुकलेली ओळ आपल्याला सहजासहजी खोडता येत नाही.

हीच कल्पना तेलंगणाने फार पुढे नेली. १९ ऑगस्ट २०१४ रोजी, राज्य होऊन तीन महिने होत नाहीत तोच, तिथे एका दिवसात घरोघर सर्वेक्षण झाले. नाव त्याचे 'समग्र कुटुंब सर्व्हे'. लोक हैदराबादेहून बसगाड्या भरभरून आपल्या गावी नोंद करायला गेले. पुढे तिथल्या सरकारने 'समग्र वेदिका' नावाची संगणकव्यवस्था उभी केली. वीजबिल, गाडीची नोंदणी, मालमत्ता, अशी वेगवेगळी दप्तरे ती जुळवून बघते आणि कोण गरीब आहे, कोण नाही, हे सुचवते. त्या काळात तिथे शिधापत्रिका रद्द झाल्या त्या १८ ते १९ लाखांच्या घरात. पुष्कळांना नोटीस नाही, चौकशी नाही. रिक्षा ओढणाऱ्याच्या बायकोला सांगण्यात आले, की तुमच्या घरी मोटार आहे. संगणकाने तिच्या नवऱ्याच्या नावाशी मिळतेजुळते दुसरे नाव पकडले होते. मोटार त्या दुसऱ्याची आणि उपास हिचा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रद्द केलेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. पडताळणी झाली तेव्हा हजारो कुटुंबे पात्र निघाली.

या गोष्टीतला धडा हा, की खासगीपणाचा प्रश्न म्हणजे मध्यमवर्गाची नाजूक तक्रार नव्हे. आपली माहिती कोणी पाहिली याची हुरहूर लागते ती पोट भरलेल्याला. ज्याचे पोट त्या माहितीवर अवलंबून आहे त्याला चुकीची माहिती उपाशी ठेवते, आणि ती कुठे चुकली हे त्याला कोणी सांगत नाही.

मिळतेजुळते नाव म्हटले आणि आपल्या घरची आठवण झाली नाही असा इथे कोणी नसेल. परप्रांतातल्या मराठी नावांचे संगणकात काय होते? 'ळ' ला हिंदीत जागा नाही. काळे यांचे काले होतात, बाळचे बाल होते, आणि रोमन लिपीत गेले की काळे आणि काले यांतला फरकच उरत नाही. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्द लिहितो. फॉर्ममध्ये घरे दोनच असतात, मग मधले नाव कधी आधी चिकटते, कधी गळते. आणि सर्वांत अडचण होते ती आपल्या ज्येष्ठ बायकांची. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावसुद्धा बदलायची आपली रीत. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, लग्नानंतर सुधा; जुन्या सातबाऱ्यावर माहेरचे आडनाव, पेन्शनच्या कागदावर सासरचे. साठ वर्षे ही बाई एकच होती. घरात, शेजारात, देवळात कोणाला संशय आला नाही. संगणकाच्या मते त्या तीन बायका आहेत आणि तिघींपैकी एकीलाच पेन्शन मिळू शकते. त्यात भांडी घासून, पोळ्या लाटून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि यंत्राने म्हणायचे, जुळत नाही. स्वतःच्या अंगठ्याने नाकारलेला माणूस कोणापुढे दाद मागणार?

इथे एक गंमत सांगतो, तिचा अर्थ गंमतीपलीकडचा आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यात गणना करणाऱ्याच्या प्रश्नांना खरे उत्तर देणे नागरिकावर बंधनकारक आहे. पण त्याच कलमात एक सवलत आहे: घरातल्या स्त्रीचे नाव सांगायची कोणावर सक्ती नाही, आणि कोणत्याही स्त्रीला नवऱ्याचे, हयात वा दिवंगत, नाव घ्यायला भाग पाडता येणार नाही. ज्यांच्या घरात उखाण्याशिवाय नाव घेतले जात नव्हते त्यांचा मान त्या कायद्याने राखला. ती रूढी चांगली होती की वाईट, हा वेगळा वाद. पण कायदा लिहिणाऱ्याला हे माहीत होते, की समोरच्या माणसाचा काही संकोच असतो आणि सरकारने त्या संकोचापाशी थांबायचे असते.

त्याच कायद्याचे पंधरावे कलम याहून मोलाचे आहे. जनगणनेत तुम्ही दिलेली माहिती कोणालाही पाहता येत नाही. दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही, आणि त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा अपवाद सोडला तर फौजदारी खटल्यातही नाही. सरकार तुमची गणना करील, पण तुम्हाला नावाने ओळखून तो कागद तुमच्यावर वापरणार नाही, असे ते वचन आहे. मोजणे आणि ओळखून ठेवणे यांत जो फरक आहे तो या कलमात आहे. शिरगणती ही समाजाची असते. पाळत माणसावर असते.

आपल्यासारख्या प्रांताबाहेरच्या मराठी घरांनी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण मोजले जाण्याची गरज आपल्याला इतरांहून जास्त आहे. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात पंधरा टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, ही भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेली धोरणे आहेत, आणि ती आकड्यांवर उभी आहेत. बेळगावच्या प्रश्नात महाजन आयोगापुढे आणि त्यानंतरही दोन्ही बाजू गावागणिक भाषेचे आकडेच पुढे करीत आल्या. २०११ च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांतले आपण किती, हे मातृभाषेच्या रकान्यावरून ठरते. तो रकाना भरताना आपल्याकडे दुसरी-तिसरी पिढी सहज 'हिंदी' सांगून मोकळी होते. २०२७ च्या जनगणनेत स्वतःची माहिती स्वतः मोबाईलवर भरायची सोय आहे, १९३१ नंतर प्रथमच सर्वांच्या जातीची नोंद होणार आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे: जनगणनेला खरी माहिती द्या, आणि घरात मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. तिच्यामागे पंधराव्या कलमाचे कवच आहे.

पण दारात येणारा प्रत्येक फॉर्म जनगणनेचा नसतो. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही ही २०१० मध्ये घरयादीच्या कामाबरोबरच भरली गेली. तेच शिक्षक, तेच दार, तीच पेन. पण ती जनगणना कायद्याखाली येत नाही. ती नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांखाली येते आणि तिच्यात तुमचे नाव नावानिशी राहते. दोन कागद, दोन कायदे, दोन वेगळी वचने. दारातल्या शिक्षकाला 'हा कोणत्या कायद्याखालचा?' असे विचारण्यात उद्धटपणा नाही. न्यायालयाने सांगितलेली पहिली कसोटीच तर आपण लावतो आहोत.

हा प्रश्न विचारणारे आपण जगात पहिले नाही. पश्चिम जर्मनीत १९८३ मध्ये जनगणना व्हायची होती. तिच्यातली नावानिशी माहिती इतर सरकारी नोंदींशी ताडून त्या दुरुस्त करण्याची तरतूद कायद्यात होती. लोकांनी विरोध केला. त्या देशाला नोंदवह्यांच्या जोरावर माणसे शोधून काढणारे सरकार आठवत होते. १५ डिसेंबर १९८३ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने जनगणनेला मुभा दिली, पण ताडून पाहण्याला नाही. आपल्याविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असे तत्त्व त्या निकालाने मांडले. तिथली जनगणना रखडली आणि १९८७ मध्ये झाली. त्या निकालातला एक विचार आपल्यासारख्या सभेच्या कामाचा आहे. एखाद्या सभेला गेल्याची कुठेतरी नोंद होते आहे असे वाटले, की माणूस हळूहळू सभेला जाणेच सोडतो. त्याला कोणी मनाई करत नाही. तो स्वतःच स्वतःला मनाई करतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: 'मी काही वावगे करत नाही, मग लपवायचे काय?' हा प्रश्न सज्जन माणसे विचारतात, म्हणून त्याचे उत्तर आदराने द्यायला हवे. आपण घराला दार लावतो, ते आत चोरीचा माल असतो म्हणून नाही. पत्र पाकिटात घालतो, ते त्यात कट असतो म्हणून नाही. आजारपण, कर्ज, घरातला बेबनाव, मुलीचे मोडलेले लग्न, यांत वावगे काही नाही आणि तरी ते सगळ्यांचे नाही. शिवाय काय वावगे हे आज मी ठरवतो. उद्या ते नोंदवही ज्याच्या हातात असेल तो ठरवील. १९१६ मध्ये लोकमान्यांवर कारवाई झाली ती बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून. पोलिसांनी ती लघुलिपीत टिपून घेतली होती. तेव्हा निदान टिपणारा माणूस समोर बसलेला दिसत होता. वक्ता त्याच्याकडे पाहून हसू शकत होता. आजच्या टिपणाऱ्याला चेहरा नाही, कान दुखत नाहीत, आणि तो काही विसरत नाही.

२०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीशिवाय माहिती वापरू नये, काम संपले की पुसावी, चूक दुरुस्त करून द्यावी, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत आणि कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकते. कुंपण आहे, पण पाटलाच्या वाड्याच्या बाजूने त्याला फाटक ठेवले आहे. त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही बदल केला. पूर्वी व्यक्तिगत माहितीही व्यापक जनहित असेल तर देता येते, असे त्या कलमातच लिहिलेले होते. आता तिथे व्यक्तिगत माहितीला सरसकट आडकाठी आहे. जनहिताचा विचार करण्याची मुभा दुसऱ्या एका सर्वसाधारण कलमात उरली आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीची. लोकशाहीत सरकार काचेचे असावे आणि नागरिकाच्या घराला पडदा असावा. आपण हळूहळू काच नागरिकाच्या घराला आणि पडदा कचेरीला लावतो आहोत. दौलत खासगी होत चालली आहे आणि खासगी दौलतीत जमा होते आहे.

दोष सगळा सरकारचाच असे मात्र मी म्हणणार नाही. आपली कुलवृत्तांते पाहा. चार-पाच पिढ्यांची वंशावळ, प्रत्येकाची जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, पत्ता, फोन, आणि सुनेचे माहेरचे नाव. परगावी विखुरलेल्या घराण्याला जोडणारे हे ग्रंथ आहेत, त्यांचे मोल मोठे आहे. पण बँक जेव्हा फोनवर ओळख पटवायला आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मतारीख विचारते, तेव्हा दोन्ही उत्तरे आपण छापून, पुठ्ठा बांधणीत, देणगीमूल्य लावून विकलेली असतात. वधूवर मंडळात दिलेला मुलीचा फोटो आणि पगार पुढे किती हातांत फिरतो, हे आपण विचारत नाही. जिवंत माणसांच्या तारखा आणि पत्ते वगळून वंशावळ छापता येते. नव्या आवृत्तीत तेवढे करावे.

मग उद्यापासून काय करायचे? आंदोलनाचे आवाहन करायला मी आलो नाही. घराघरात करता येतील अशी थोडी कामे सांगतो. कोणी कागद मागितला तर चार प्रश्न विचारावे: कोणत्या कायद्याने, कशासाठी, किती दिवस ठेवणार, आणि आणखी कोणाला दाखवणार. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत मिळते, ती द्यावी; प्रतीवर कारण आणि तारीख लिहावी. बोटांचे ठसे गरज नसताना कुलूपबंद करून ठेवायची सोय आधारच्या संकेतस्थळावर आहे. घरातल्या ज्येष्ठ बाईंच्या सगळ्या कागदांवरची नावे त्या धडधाकट असतानाच एकदा जुळवून घ्यावीत. कचेरीत मुलाने किंवा सुनेने बरोबर जावे. मराठी शाळा, मंडळे, वाचनालये यांनी सभासदांकडून आधारची प्रत मागू नये. पुस्तक परत करायला माणसाचा पत्ता पुरतो, त्याची बुबुळे लागत नाहीत. आणि आपल्या मोलकरणीची, रखवालदाराची पेन्शन किंवा शिधा अंगठा जुळला नाही म्हणून अडला असेल, तर तिच्यासाठी एक अर्ज लिहून द्यावा. लिहिता येणाऱ्यांच्या संस्थेने एवढे तरी लिहावे.

शेवटी पुन्हा त्या शब्दाकडे येतो. होळकरांच्या घरात खासगी आणि दौलत यांचे हिशेब वेगळे ठेवले गेले, ते एकमेकांवर अविश्वास होता म्हणून नव्हे. कारभार चोख राहायचा तर सीमा आखलेली बरी, एवढे शहाणपण त्यामागे होते. ते शहाणपण एका राजघराण्यापुरते होते, आता ते टेंभलीच्या घरालाही मिळाले पाहिजे आणि राजवाड्यामागच्या गल्लीतल्या खोलीलाही. राज्याला प्रजा मोजू द्यावी, आणि मोजून झाल्यावर दार लोटून घ्यायला सांगावे.